जळकं ऑइल

इंजिनाखालचा नट काढला की आधी धार येते. बोटाएवढी जाड, काळी, हात भाजेल इतकी गरम. मिनिटभरात ती करंगळीएवढी होते, मग सुतळीएवढी, मग तुटते आणि थेंब सुरू होतात. आधी सेकंदाला एक, मग चार-पाच सेकंदांनी एक, मग मोजायचा कंटाळा येईल इतके सावकाश. नट परत कधी लावायचा? या प्रश्नापायी मी एक इंजिन घालवलेलं आहे. ते माझं नव्हतं.

इंजिन वडिलांचं होतं. १९८६ सालची साडेतीनशे सीसीची बुलेट. बाबा शाळेत शिक्षक, आणि आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत ही एकच महागडी वस्तू आमच्या घरची. २०१०च्या उन्हाळ्यात मी इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष संपवून कोल्हापूरला आलो होतो. शाखा मेकॅनिकल. म्हणजे डोक्यात हवा भरायला जेवढं ज्ञान लागतं तेवढं बरोबर मिळालेलं होतं, त्याहून जास्त नाही.

बुलेटचं काम वर्षानुवर्षं उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींकडे व्हायचं. मी लहानपणापासून त्यांना बघत आलो होतो. ऑइल बदलताना ते धार तुटली की बिडी पेटवायचे, बिडी संपली की नट लावायचे. थेंब तोवर चालूच असायचे. मला ते खटकायचं. नवीन, सोनेरी, शे-दोनशे रुपये लिटरचं ऑइल आणि त्यात हे जुनं काळं पाणी मिसळणार! आंघोळ करून मळका बनियन घालण्यासारखंच ते. या वेळी ठरवलं, ऑइल आपण घरीच बदलायचं आणि असं बदलायचं की आत जुना एक थेंब राहता कामा नये.

सकाळी गाडी गार असतानाच खालचे दोन्ही नट काढले. संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली. मग नट लावून लिटरभर रॉकेल ओतलं, प्लग काढून पन्नासएक किका मारल्या, पुन्हा नट काढले. निघालं ते रॉकेल चहासारखं होतं, म्हणून आणखी एकदा. फिल्टर पेट्रोलमध्ये धुऊन वाळवून बसवला. रात्रभर नट उघडे. सकाळी घमेल्यात एक थेंबही नवीन पडलेला नव्हता आणि मला अगदी कृतकृत्य वाटलं. सव्वादोन लिटर नवीन ऑइल ओतलं. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली. गल्लीतली पोरं बघत होती, म्हणून दोन-तीनदा मूठ पिळली आणि तसाच रंकाळ्याकडे निघालो. रंकाळ्याला अर्धा वळसाही झाला नव्हता तेव्हा इंजिनाच्या पोटातून आवाज यायला लागला. ठक ठक ठक. मूठ सोडली की कमी, पिळली की जास्त.

मेस्त्रींनी टायमिंगचं झाकण उघडलं, आत बघितलं, मग मला विचारलं की काय काय केलंस. मी सगळं सांगितलं, थोडं अभिमानानंच. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "ऑइल बदलाय सांगितलंय बाळ, इंजिन धुवाय न्हाई. भांडं हाय का ते?"

कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचा बुश गेला होता. सगळं इंजिन उतरवावं लागणार होतं. बाबा काही बोलले नाहीत. "पैसे झाले की करू" एवढंच म्हणाले, आणि जून-जुलै, ऐन पावसात, केएमटीच्या बसनं शाळेत जात राहिले. रोज सकाळी छत्री घेऊन निघताना ते झाकलेल्या गाडीकडे बघायचेसुद्धा नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटायचं.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात राहिला. माझा विचार चुकला कुठे? जुनं ऑइल पूर्ण काढावं, यात वरवर चूक काय आहे? आणि मेस्त्रींची बिडी संपेपर्यंतची वाट बरोबर असेल तर ती त्यांना कुणी शिकवली? उत्तर शोधताना मी पुस्तकं, जुनी मॅन्युअलं, गॅरेजं असं बरंच फिरलो. हाती आलं ते असं, की गॅरेजमधली प्रत्येक सवय कुठल्या ना कुठल्या काळात बरोबर होती. काळ गेला, सवय राहिली. त्यामुळे आधी त्या काळांकडे जावं लागतं.

* * *

पहिली गोष्ट म्हणजे सुरुवातीच्या मोटरसायकलींना 'जुनं ऑइल' नावाची गोष्टच नव्हती.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली इंग्लंडमधली एखादी मोटरसायकल डोळ्यांसमोर आणा. टाकीला दोन कप्पे, एकात पेट्रोल, दुसऱ्यात ऑइल. टाकीवर पितळेचा छोटा हातपंप. दर काही मैलांनी चालवणाऱ्यानं एका हातानं पंपाचा दट्ट्या दाबायचा, की घोटभर ऑइल क्रँककेसमध्ये जाणार. तिथं फिरणारी चाकं ते उडवणार, त्यातलं थोडं बेअरिंगांना, थोडं पिस्टनला, आणि मग ते जळून धूर होऊन जाणार किंवा सांध्यांतून रस्त्यावर गळणार. परत कुठेच यायचं नाही. या पद्धतीला 'टोटल लॉस' म्हणतात, म्हणजे सगळंच नुकसान खाती. पंप किती मारायचा याचं मोजमाप म्हणजे मागचा धूर. थोडा निळा दिसला तर ठीक. दिसलाच नाही तर इंजिन कोरडं पडतंय, ढग निघाले तर जास्त झालं.

आपल्याकडच्या बैलगाडीशी याचं नातं जवळचं आहे. गाडीखाली वंगणाचा नळा टांगलेला असायचा, आस कुरकुरला की त्यातलं वंगण लावायचं. जुनं वंगण काढून नवीन घालावं असं कुणाच्या मनात येत नसे. ते आपोआपच धुळीत जायचं.

मग रॉकेलनं धुण्याची सवय आली कुठून? तर तीही याच काळातून. तेव्हाच्या चांगल्या ऑइलांत एरंडेल असायचं. एरंडेल धातूला घट्ट चिकटून राहतं, भरपूर उष्णता सोसतं, म्हणून शर्यतीवाल्यांची आणि पुढे विमानवाल्यांची त्याला पसंती. १८९९मध्ये चार्ल्स चीअर्स वेकफील्ड यांनी काढलेल्या कंपनीनं १९०९मध्ये असं ऑइल बाजारात आणलं, आणि एरंडेलाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरूनच त्याचं नाव कॅस्ट्रॉल ठेवलं. एरंडाच्या बिया परदेशी पाठवण्यात भारत तेव्हाही पुढे होता, म्हणजे आपल्याच कोरडवाहू शेतातलं तेल त्या इंजिनांत जळत होतं. पण एरंडेलाचा दोष असा की ते तापून तापून चिकट होतं, वाळल्यावर राळेसारखं बसतं. सकाळी पिस्टन सिलिंडरला चिकटलेला. त्यामुळे सिलिंडरच्या डोक्यावर एक तोटी असायची, तिच्यातून रात्री किंवा सकाळी थोडं रॉकेल सोडायचं, किका मारून ती राळ सुटी करायची. हा तेव्हा शहाणपणाचा उपाय होता. आतमध्ये फिल्टर नाही, पंप नाही, नळ्या नाहीत. रॉकेल राहिलं तरी चालवणारा पुढच्या मैलाला पंप मारून ताजं ऑइल देणारच.

म्हणजे मी २०१०मध्ये मंगळवार पेठेत जे केलं ते १९१०च्या इंजिनाला चाललं असतं.

* * *

जुनं ऑइल जन्माला आलं ते ऑइल परत फिरवायला लागल्यावर. गंमत अशी की मोटरसायकलच्या बाबतीत ही सुरुवात करणाऱ्या मोजक्या कंपन्यांत रॉयल एनफिल्ड होती. पहिल्या महायुद्धाच्या आधी, १९१३च्या सुमारास, त्यांच्या छोट्या व्ही-ट्विन गाडीला पंपानं आपोआप ऑइल देण्याची आणि वापरलेलं परत टाकीत ओढून नेण्याची सोय आली. ऑइलची टाकी काचेची होती, सीटखालच्या नळीला बसवलेली, म्हणजे आत काय चाललंय ते दिसावं. याला 'ड्राय संप' म्हणतात. संप म्हणजे इंजिनाचा तळ. तो कोरडा ठेवायचा, ऑइल वेगळ्या जागी साठवायचं, एका पंपानं द्यायचं, दुसऱ्यानं परत आणायचं. १९३०च्या आसपास बहुतेक ब्रिटिश मोटरसायकल कंपन्या या पद्धतीवर आल्या.

मला ती काचेची टाकी फार आवडते. कारण तिच्यात चालवणाऱ्याला पहिल्यांदाच दिसलं असणार की तेच ऑइल पुन्हा पुन्हा येतंय आणि दर फेरीला थोडं काळं होतंय. इथून पुढे ऑइलला वय आलं. वय आलं म्हणून ते बदलायची वेळ आली. बदलायचं तर किती काढायचं, हा आपला प्रश्न इथून सुरू होतो.

बुलेट हे नाव १९३२चं. आपण जिला बुलेट म्हणून ओळखतो, मागे सस्पेन्शन असलेली, ती १९४९ची. एनफिल्डनं ऑइलची टाकी वेगळी न लावता क्रँककेसच्याच ओतकामात मागच्या बाजूला कप्पा करून बसवली. बाहेरून एकच धूड दिसतं, आत दोन खोल्या. पुढच्या खोलीत क्रँक फिरतो, मागच्या खोलीत ऑइल असतं. म्हणून खाली नट दोन. १९५५मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया सुरू झाली, तिरुवोट्टियूरला कारखाना झाला. तिकडे इंग्लंडमधला रेडिचचा कारखाना १९६७मध्ये बंद पडला, पण इकडे तेच इंजिन, थोड्याफार फरकानं, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत निघत राहिलं. बाबांची १९८६ची गाडी म्हणजे आतून १९४९चीच.

आणि या इंजिनाचा एक स्वभाव आहे. गाडी बरेच दिवस उभी राहिली की मागच्या खोलीतलं ऑइल पंपातून झिरपत पुढच्या खोलीत उतरतं. सकाळी काडी काढून बघितली तर ऑइल कमी दिसतं. नवखा माणूस अर्धा लिटर भरतो. गाडी चालू झाली की परतीचा पंप पुढचं सगळं ऑइल मागे आणतो, टाकी उतू जाते, आणि श्वासनळीतून ऑइल मागच्या चाकावर. अशी गाडी बघून लोक म्हणतात, बुलेट ऑइल फेकते. खरं तर ती आपलं जास्तीचं परत करत असते. म्हणूनच बुलेटचं ऑइल गाडी गार असताना काढायचं नाही, चार-पाच किलोमीटर फिरवून गरम असताना काढायचं. तेव्हा बहुतेक ऑइल टाकीत परतलेलं असतं, पातळ झालेलं असतं आणि घाण त्यात तरंगत असते. बिडीभराच्या वेळात जेवढं निघतं तेवढं गार इंजिनातून दिवसभरात निघत नाही. माझी पहिली चूक ही.

दुसरी चूक मोठी होती. या इंजिनाचे पंप लहान, क्रँकच्या टोकावरच्या वर्म गिअरवर चालणारे, फार सावकाश फिरणारे. पंपातून ऑइल फिल्टरच्या कप्प्यात जातं, तो कप्पा पूर्ण भरतो, मग पुढे क्रँकच्या आतल्या वाटेनं कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाशी पोचतं. तिथं बॉल किंवा रोलर बेअरिंग नाही, तरंगता बुश आहे. ऑइलच्या पातळ थरावर तो तरंगतो, थर गेला की धातूवर धातू. मी पंप कोरडा केला, फिल्टरचा कप्पा रिकामा ठेवला, क्रँकच्या वाटेत रॉकेल भरलं, आणि गाडी चालू होताच मूठ पिळली. नवीन ऑइल मागच्या खोलीत सव्वादोन लिटर होतं. जिथं पाहिजे तिथं पोचायला त्याला वेळ हवा होता, तो मी दिला नाही. मेस्त्री फिल्टर बसवण्याआधी त्याच्या कप्प्यात डब्यातून थोडं ऑइल ओतायचे, हे मी बघितलेलं होतं. मला वाटायचं, सांडलेलं भरून काढतायत.

* * *

पण जुनं ऑइल पूर्ण काढावं ही माझी हौस तरी आली कुठून? ती मी मनानं काढलेली नव्हती. आजोबांच्या वयाची माणसं इंजिनाबद्दल असंच बोलायची. आमच्याकडे शेतातल्या विहिरीवर डिझेल इंजिन होतं. त्याचं चेंबर उघडून खालचा गाळ हातानं, चिंधीनं काढायचे. काळं, लोण्यासारखं घट्ट काहीतरी निघायचं. ते राहिलं तर इंजिन खातं, असं म्हणायचे. खरंच होतं ते.

जुन्या ऑइलला घाण सांभाळता येत नव्हती. काजळी, धातूची कीस, जळलेलं ऑइल हे सगळं गाडी थांबली की तळाशी बसायचं. मग ऑइल काढताना ऑइल यायचं, गाळ आतच राहायचा. म्हणून पूर्ण काढायचं, धुवायचं, पुसायचं. १९३०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांमध्ये पिस्टनच्या रिंगा काजळीनं चिकटून बसू लागल्या, तेव्हा ऑइलमध्ये साबणासारखं काम करणारी रसायनं घालण्याची सुरुवात झाली. ही रसायनं काजळीचे कण सुटे ठेवतात, खाली बसू देत नाहीत. १९४७मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं मोटारींच्या ऑइलाचे तीन वर्ग केले, साधं, प्रीमियम आणि हेवी ड्युटी, त्यातल्या हेवी ड्युटीत ही धुणारी रसायनं असायची. पुढच्या काही दशकांत ती सगळ्याच ऑइलांत आली.

यामुळे एक उलटापालट झाली, जी आजही लोकांच्या लक्षात येत नाही. जुन्या काळात ऑइल बराच वेळ स्वच्छ दिसायचं कारण घाण खाली बसलेली असायची. आजचं ऑइल लवकर काळं होतं कारण ते घाण स्वतःत धरून ठेवतं. काळं झालं म्हणजे बिघडलं असं नाही, काळं होणं हे त्याचं काम आहे. आणि घाण ऑइलमध्येच असेल तर गरम ऑइलबरोबर ती निघूनही जाते. तळ खरवडायची गरज संपली. आजोबांचं म्हणणं बरोबर होतं, पण ते त्यांच्या ऑइलबद्दल होतं.

* * *

इथं महाराष्ट्रात एक वेगळीच गोष्ट घडली. ऑइल बदलणं ही सवय आपल्या लोकांना उशिरा लागली, कारण एक अख्खी पिढी टू-स्ट्रोकवर वाढली. आकुर्डीची चेतक, पुण्याचीच लुना, म्हैसूरची येझ्दी, राजदूत, नंतर आरएक्स १००. या गाड्यांत इंजिनाचं ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं. पेट्रोल पंपावर 'ऑइल मारा' म्हणायचं, शेजारच्या हातपंपानं टू-टी ऑइल टाकीत पडायचं, चेतकला साधारण दोन टक्के. मागे निळा धूर. म्हणजे १९१०ची टोटल लॉस पद्धतच, फक्त हातपंप टाकीवरून उचलून पेट्रोल पंपावर नेलेला. गिअरबॉक्सचं ऑइल तेवढं बदलायचं, तेही आठवलं तर. इंजिनाचं ऑइल काढून टाकणं हा बुलेटवाल्यांचा आणि मोटारवाल्यांचा विषय होता.

१९८५मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४मध्ये स्प्लेंडर, आणि दूधवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळे फोर-स्ट्रोकवर आले. आता प्रत्येकाच्या गाडीखाली ऑइलचा नट होता. मेकॅनिकांना मात्र फोर-स्ट्रोकचं ज्ञान कुठून मिळणार? बुलेटवाल्याकडून किंवा ट्रॅक्टरवाल्याकडून. त्यांचे विधी जसेच्या तसे या छोट्या इंजिनांना लागू झाले. रॉकेलनं धुणं आलं, डिझेलनं धुणं आलं, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी ऑइलच्या भोकात घालून हवा मारणं आलं.

ही इंजिनं आतून वेगळी आहेत. टाकी वेगळी नाही, ऑइल तळातच असतं. लिटरभराच्या आतबाहेर. तेच ऑइल क्लच भिजवतं, गिअर भिजवतं. पंप तळातूनच खेचतो, म्हणून बुलेटसारखा कोरडेपणाचा धोका कमी. पण एक मजेशीर जागा आहे. होंडाच्या या जुन्या घराण्यात कागदी फिल्टर नसतो. क्लचच्या झाकणाआड, क्रँकवर एक वाटी फिरते. ताक घुसळल्यावर लोणी कडेला यावं तशी ऑइलमधली जड घाण तिच्या कडेला फेकली जाते आणि चिकटून बसते. गाडीतली सगळ्यात वाईट घाण इथं असते. खालचा नट काढून तुम्ही आठवडाभर वाट बघा, रॉकेलनं दहा वेळा धुवा, ती वाटी तशीच राहणार. ती साफ करायची तर क्लचचं झाकण उघडावं लागतं. थेंब मोजणाऱ्याला याचा पत्ताच नसतो.

आणि बनवणाऱ्यांनी हे कधी लपवलेलं नाही. होंडाच्या मॅन्युअलमध्ये ऑइलचे दोन आकडे असतात. एक, नुसतं काढून भरताना लागणारं. दुसरा, इंजिन पूर्ण खोलून जोडताना लागणारं. छोट्या इंजिनांत दोघांत साधारण दोनशे मिलिलिटरचा फरक. हा फरक म्हणजेच नट काढूनही आत राहणारं जुनं ऑइल. इंजिनिअरांनी ते मोजलं, छापलं आणि त्यावर काही काळजी व्यक्त केली नाही. मी कॉलेजमध्ये असताना हे दोन आकडे बघितले असते तर विचार केला असता का? बहुतेक नाही. मला वाटलं असतं छपाईची चूक आहे.

हिशोब करून बघू. समजा दहा टक्के जुनं ऑइल आत राहिलं. त्यातली घाण नवीन ऑइलमध्ये आली. पुढच्या वेळी त्यातली दहा टक्के पुन्हा राहिली. असं वर्षानुवर्षं चाललं तर घाण वाढतच जाईल असं वाटतं, पण तसं होत नाही. दर वेळी नव्वद टक्के बाहेर जाते, त्यामुळे वाढ लवकरच थांबते. पूर्ण काढलं असतं तर बदलायच्या वेळी जेवढी घाण असती, त्याच्या सुमारे अकरा टक्के जास्त, एवढ्यावर. ही अकरा टक्के सलत असेल तर पाच हजार किलोमीटरऐवजी साडेचार हजारांवर ऑइल बदला, हिशोब बरोबर होतो. रात्रभर नट उघडा ठेवायची गरज नाही.

आता तोच हिशोब रॉकेलचा करा. दोनशे मिलिलिटर जागा अशी आहे की तिथून काहीच पूर्ण निघत नाही. खोबणी, गिअरचे दात, तळाचे कोपरे. तुम्ही रॉकेलनं धुतलं म्हणजे तिथलं जुनं ऑइल गेलं, पण जागा रिकामी राहिली नाही. तिथं आता रॉकेल आहे. जुनं ऑइल निदान ऑइल होतं, रॉकेल ऑइलला पातळ करतं. हवा मारली तर कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी आत जातं. आत काय ठेवायचं हे निवडायचं असेल तर जुनं ऑइल हा त्यातला सगळ्यात सभ्य पर्याय आहे. पूर्ण काढण्याच्या नादात नट जास्त वेळा काढा-घाल होतो, वायसर बदलला जात नाही म्हणून जास्त आवळला जातो, आणि अॅल्युमिनियमचे आटे जातात, हे तर रोजचंच.

एक अपवाद सांगायला हवा. ऑइल दुधाळ झालं असेल, म्हणजे पुराच्या पाण्यात गाडी बुडाली असेल, तर वरचा हिशोब लागू नाही. २०१९च्या पुरानंतर कोल्हापूर-सांगलीत गॅरेजांपुढे रांगा लागल्या होत्या. तेव्हा मेकॅनिक स्वस्तातलं नवीन ऑइल भरून, थोडं चालवून, पुन्हा काढून असं दोन-तीनदा करायचे. तिथंही धुतलं ते ऑइलनंच.

* * *

काढलेलं ऑइल कुठं जातं हा वेगळा इतिहास आहे, आणि तो फारसा लिहिला गेलेला नाही. आमच्याकडे त्याला जळकं ऑइल म्हणतात. ते बांधकामाच्या सेंटरिंगच्या प्लेटांना लावतात, म्हणजे काँक्रीट चिकटत नाही. वासे आणि दारांच्या चौकटींना वाळवी लागू नये म्हणून फासतात. सायकलच्या चेनला, रहाटाला, गेटच्या बिजागरीला. बरंचसं गटारात जातं. कायद्याच्या भाषेत ते घातक कचरा आहे, आणि वापरलेल्या तेलाची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्यांवर टाकणारे नियम १ एप्रिल २०२४पासून लागू झाले आहेत. ते शुद्ध करून पुन्हा ऑइल करता येतं. उद्यमनगरात तरी अजून डबेवालाच येतो, लिटरवर भाव करतो आणि घेऊन जातो. तो कुठे देतो हे मी विचारलं तर म्हणाला, "पुढं देतो."

बाबांची बुलेट त्या वर्षी गणपतीच्या आधी चालू झाली. मेस्त्रींनी मजुरी कमी लावली, आणि इंजिन जोडताना मला दिवसभर शेजारी बसवून घेतलं. बुश बसवला, क्रँक बसवला, फिल्टरच्या कप्प्यात हातानं ऑइल ओतलं, प्लग काढून सावकाश किका मारायला लावल्या. चालू केल्यावर दहा मिनिटं मूठ हलवू दिली नाही. मी घड्याळ बघत होतो. "थेंब मोजलास न्हवं," ते म्हणाले, "आता मिंटं मोज."

बाबा आता निवृत्त आहेत. गाडी ते फारशी चालवत नाहीत, पण ऑइल बदलायच्या दिवशी खुर्ची घेऊन अंगणात बसतात. मी गाडी पंचगंगेच्या घाटापर्यंत फिरवून आणतो, घमेलं सरकवतो, नट काढतो. धार तुटते. बाबा मला आतून चहा आणायला सांगतात. चहा पिऊन होईपर्यंत थेंब बरेच मंदावलेले असतात, थांबलेले नसतात. मी वायसर बदलून नट लावतो. त्या उन्हाळ्याबद्दल आम्ही अजून एकदाही बोललेलो नाही. परवा मात्र फिल्टरच्या कप्प्यात ऑइल ओतत होतो तेव्हा ते खुर्चीतून वाकून बघायला लागले आणि म्हणाले, "थोडं आणखी घाल."